तीनशे सतरा नंबरची पिशवी

गुरुवार उजाडला की अमडापूरहून टेकडीकडे जाणारा रस्ता माणसांनी भरून जायचा. ऑटो, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, एका दुचाकीवर तिघं. एप्रिलचं ऊन डोक्यावर घेऊन बायाबापड्या चालत यायच्या आणि मठाचं फाटक दिसलं की लांबूनच हात जोडायच्या. फाटकावर दोन पाट्या होत्या. एकीवर ‘चप्पल येथे काढा’, दुसरीवर ‘मोबाईल येथे ठेवा’.

चपलांचा नुसता ढीग पडत असे. मोबाईलची मात्र काय ती बडदास्त! लांबच लांब टेबल, मागे पांढऱ्या सदऱ्यातले सेवेकरी, प्रत्येक फोनला भगव्या कापडाची पिशवी, पिशवीवर नंबर आणि त्याच नंबरचं टोकन भक्ताच्या हातात. देवाच्या दारात चप्पल चोरीला गेली तर गेली, फोन हरवता कामा नये. भक्तांना या व्यवस्थेचं फार कौतुक.

“फोन खोलून द्या माऊली,” टेबलामागचा शिवम नावाचा सेवेकरी प्रत्येकाला सांगत होता. “आवाज बंद करून ठेवतो. मधातच वाजला तं महाराजांचं ध्यान मोडते.”

लोक निमूट फोन खोलून देत. कुणी बोटाने पॅटर्न काढून दाखवी, कुणी चार आकडे मोठ्याने सांगे. अर्ध्यांच्या फोनला कुलूपच नव्हतं.

सिंधूताईंनी आपला फोन खोलून दिला, तीनशे सतरा नंबरचं टोकन पदराच्या गाठीला बांधलं आणि वळून लेकीला म्हणाल्या, “दे न वं तुहा बी.”

“माझा बंद केलाय,” मंजुश्री म्हणाली. “बंद फोन वाजत नाही.”

शिवमने तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि नजर खाली वळवली. हा चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला तिला, पण आठवलं नाही.

मंजुश्री पुण्याच्या एका कंपनीत सायबर सुरक्षेचं काम करायची. मोठ्या कंपन्यांच्या फायली हल्ली त्यांच्या स्वतःच्या कपाटात नसतात, दूर कुठेतरी ठेवलेल्या कॉम्प्युटरांवर असतात, त्याला क्लाउड म्हणतात. तिथे कोण चोरपावलांनी शिरतंय, कोण भलत्याच दारातून आत येतंय, यावर दिवसभर नजर ठेवायची, हे तिचं काम. आई शेजारणींना सांगायची, “माही पोरगी कंप्युटरची राखण करते.” इतक्या नेमक्या शब्दांत ते तिच्या साहेबालाही सांगता आलं नसतं.

मांडवात चार-पाचशे माणसं दाटीवाटीने बसली होती. बारा वाजता शंख वाजला आणि अंतर्यामी महाराज आले. हे महाराज सहा वर्षांपूर्वी पंजाबराव होते आणि विमा विकायचे. माणसाला आधी मरणाची भीती दाखवायची आणि मग आपणच धीर द्यायचा, ही विद्या त्यांना त्या धंद्यातच साधलेली. समोर चौरंग, चौरंगावर लाल कापडात पोथी. पोथी उघडायचा अधिकार फक्त महाराजांना.

“आम्ही काही सांगत नाही, बेटा,” महाराज सुरू झाले. “ब्रह्मांड सांगतं. तुमचा एक एक श्वास, एक एक विचार वर साठवलेला आहे! अमेरिकेचे शास्त्रज्ञ आज डोकं फोडून राहिलेत. आमच्या ऋषींकडे हे कनेक्शन पाच हजार वर्षांपासून. बिना टॉवर! बिना रिचार्ज!”

मांडव हसला, मग लगेच हात जोडून गंभीर झाला. महाराजांनी पोथी उघडली, डोळे मिटले, उघडले.

“दोनशे चार! पूनम बेटी, ऊठ. नवरा सुरतेला आहे तुझा. मंगळवारी त्याला रडून सांगितलंस ना, सासू पोटाला देत नाही म्हणून?”

विशी-बाविशीची एक पोर उभी राहिली आणि तोंडात पदर कोंबून रडू लागली. शेजारी बसलेल्या सासूने मान खाली घातली. ‘जय हो’चा गजर झाला. घरी गेल्यावर त्या पोरीचं काय होणार, हा प्रश्न पाचशे माणसांत एकालाही पडला नाही. चमत्कार बघायला मिळाला, दिवस सार्थकी लागला.

“तीनशे सतरा! सिंधू!”

सिंधूताई हात जोडून उभ्या राहिल्या.

“पोरगी आली आहे पुण्याहून. शंका घेऊन आली आहे. ‘त्या महाराजांकडे जायचं बंद,’ असं म्हणाली ना ती तुला?” मांडवाच्या माना मंजुश्रीकडे वळल्या. महाराज गोड हसले. “रागवू नको तिच्यावर. माया आहे तिची. तुझी गाठ निघाली तेव्हा काय म्हणाली होती? ‘आई, तू घाबरू नको. मी आहे ना. सुटी टाकते, आपण दोघी जाऊ.’ बोल, खरं की खोटं?”

“खरं, महाराज,” सिंधूताईंच्या डोळ्यांना धारा लागल्या.

ते मंजुश्रीचेच शब्द होते. नऊ जानेवारीला, ऑफिसच्या जिन्यात उभं राहून टाईप केलेले. एका माणसासाठी लिहिलेले. खरं सांगायचं तर क्षणभर तिचाही पाय घसरला. याला कसं कळलं? मांडवातल्या पाचशे माणसांनी हाच प्रश्न विचारला होता आणि उत्तराची वाट न बघता हात जोडले होते. मंजुश्रीने हात जोडले नाहीत, एवढाच फरक. तो प्रश्न घेऊन ती बसून राहिली.

जानेवारीत सिंधूताईंच्या डाव्या स्तनात गाठ सापडली होती. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात तुकडा काढून तपासला. रिपोर्ट इंग्रजीत, म्हणून लेक म्हणाली, “फोटो पाठव.” तिने वाचला, जिन्यात जाऊन रडली, मग डॉक्टरांशी बोलली. कर्करोग होता, पण लवकर सापडलेला. ऑपरेशनची तारीख ठरली. त्याच आठवड्यात शेजारच्या रुक्मिणीबाई सिंधूताईंना मठात घेऊन गेल्या आणि महाराजांनी भर मांडवात गाठ सांगितली, बाजू सांगितली, अकोल्याचा कागद सांगितला. नवरा आणि लेक सोडून सिंधूताईंनी ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. त्या जागीच मठाच्या झाल्या. महाराजांनी अंगारा दिला आणि एकवीस गुरुवार सांगितले. लोखंड लावलं तर गाठ चिडेल, हेही सांगितलं. सिंधूताईंनी लेकीला कळवलं, “डॉक्टरनं तारीख पुढे ढकलली.” तिने दोनदा विचारलं, दोनदा तेच उत्तर मिळालं. कामाच्या रगाड्यात तिनेही ते खरं मानलं. एप्रिलमध्ये तिने दवाखान्यालाच फोन केला तेव्हा पलीकडून आवाज आला, पेशंट आलेच नाहीत.

आजचा चौदावा गुरुवार होता.

घरी येताच मंजुश्रीने आईचा फोन मागितला. सिंधूताई ओसरीवर सुपात तूर पाखडत बसल्या. वडील उकंडराव, एसटीतले निवृत्त कंडक्टर, खांबाला टेकून ऐकत होते. त्यांना ती लहानपणापासून भाऊ म्हणायची. महाराजांनी त्यांनाही पहिल्याच दिवशी गार केलं होतं, “तुझ्या आधी तुझ्या आईची लेकरं जगली नाहीत.” मांडव थक्क! अहो, लेकरं जगत नसली की नवं लेकरू उकिरड्यावर ठेवून उचलायचं आणि उकंडा नाव ठेवायचं, ही वऱ्हाडातली जुनी रीत. टोकन देताना उकंडराव हे नाव लिहून घेतलेलंच. हे सांगायला ब्रह्मांड कशाला हवं?

मंजुश्रीने व्हॉट्सॲप उघडलं. तीन ठिपके दाबले. ‘लिंक केलेली डिव्हाइस’ असं लिहिलं होतं तिथे बोट ठेवलं आणि खाली उघडलेली ओळ दोनदा वाचली.

“आई, पंधरा जानेवारीले, गुरुवारी, सकाळी तू कुठी होती?”

“मठात. पयल्यांदा गेलती न रुक्मिणीबाईसंग.”

“अन फोन?”

“पिशवीत व्हता.”

“त्याच सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी तुह्या फोनले एक कॉम्प्युटर जोडला कोणीतरी. हे पाह्य. एकदा जोडला का तुले आलेला मेसेज तिकडे बी दिसते. तू पाठवलेला बी दिसते. फोटो दिसते. फोन तुह्या हातात असला, तू घरी बसली असली, तरी.”

सिंधूताईंचं सूप थांबलं नाही. “त्याइले कॉम्प्युटर काय कराचा वं? त्याइच्या खोलीत पंखा बी नाही.”

“टेबलावरच्या त्या पोट्ट्यापाशी असन. पॅटर्न तू त्याले काढून दाखवला.”

“मंग? देवाच्या माणसापासून काय लपवाचं? अन तो पॅटर्न तं तूच देल्ता करून. ध्यानात राहीन म्हणून.”

खरंच होतं. सरळ खाली आणि मग उजवीकडे. शेंबडं पोरही ओळखेल असं कुलूप, तिने स्वतः आईच्या फोनला लावलेलं. कंपनीत असं कुलूप कुणी लावलं असतं तर तिने त्याची खरडपट्टी काढली असती. घरी मात्र तिने ते कौतुकाने लावलं होतं. आणि त्या फोनात महाराजांना सगळ्यात जास्त काय सापडलं असेल, तर तिने लिहिलेली माया. स्वतःचाच राग येऊन तिचे डोळे भरून आले.

“तोडून टाक न मंग ते जोडलेलं,” उकंडराव म्हणाले.

“नाही भाऊ. इतक्यात नाही.”

हे तिला कामाने शिकवलं होतं. घरात चोर दिसला की लगेच दिवा लावायचा नाही. चोर पळतो, पुरावाही पळतो आणि घरातली माणसं म्हणतात, चोर नव्हताच, तुला भास झाला. त्यापेक्षा एक खोटी वस्तू अशा जागी ठेवायची, की तिथे शिरल्याशिवाय ती कुणाला दिसणारच नाही. मग ती वस्तू ज्याच्या हातात दिसेल तो चोर.

ती आईसमोर मांडी घालून बसली. “आई, माह्या ऑफिसात राजकुमार नावाचं एक जुनं मशीन व्हतं. आम्ही मशीनीइले नावं ठेवतो. नऊ वर्षं चाललं. मागच्या शुक्रवारी बंद केलं, भंगारात गेलं. हे आता इथं तुले अन मलेच माहीत हाये. भाऊले बी, ते इथं हायेत म्हणून. आता मी तुले मेसेज करतो, राजकुमार गेला म्हणून. महाराज खरंच मनातलं वळखत असतीन तं त्याइले समजन का हे मशीन हाये. पुढच्या गुरुवारी ते हासतीन माह्यावर. मंग मी एक शब्द बोलणार नाही. उरलेले गुरुवार तुह्यासंग येईन.”

“अन नाही हासले तं?”

“तं दुसऱ्या दिवशी शुक्रवार हाये. आपण अकोल्याले जाऊ.”

सिंधूताईंनी सूप खाली ठेवलं.

“हासतीन,” त्या म्हणाल्या. आवाजात काळजीचा लवलेश नव्हता, हे ऐकून मंजुश्रीला आणखीच वाईट वाटलं.

लेक मागच्या खोलीत गेली, आई ओसरीवर राहिली आणि एकाच घरातून त्याच घरात मेसेज सुरू झाले.

‘आई, राजकुमार गेला. शुक्रवारी. नऊ वर्षं सोबत होतो आम्ही. कोणाला सांगू नकोस.’

दहा मिनिटांनी उत्तर आलं. ‘कसा गेला.’

‘अचानक बंद पडला.’

‘रडू नको. देव आहे.’

मग सिंधूताई फोन घेऊन आत आल्या. “खोटं लिहाले हात धजत नाही वं माहा.”

“खोटं कुठी हाये आई? बंदच पडला तो,” मंजुश्री म्हणाली आणि दोघी हसल्या. कित्येक महिन्यांनी दोघी एकत्र हसल्या असतील.

तो आठवडा मंजुश्रीने कसा काढला ते तिचं तिला ठाऊक. डॉक्टर फोनवर म्हणाले होते, एकेक दिवस मोलाचा आहे. आणि इथे ती सात दिवस आईचाच विश्वास आईच्या हाताने मोडायला घालवत होती. आई केस विंचरायला डावा हात वर करी आणि अर्ध्यातून खाली घेई. विचारलं तर म्हणे, “गाठ विरघळून राह्यली, म्हणून दुखते.” उकंडराव उठून अंगणात जात.

पुढच्या गुरुवारी तीच पाटी, तेच टेबल, तीच पिशवी. मंजुश्रीने याही वेळी आपला फोन बंद करून कमरेला खोचून ठेवला. बारा वाजता शंख वाजला. तीन-चार टोकनं झाली. एकाचं जमिनीचं भांडण, एकीचं मोडलेलं लग्न. मग महाराजांनी पोथीचं पान उलटलं आणि एकदम कपाळाला हात लावला.

“तीनशे सतरा! अरे रे रे! सिंधू, तुझ्या घरात हा कोण आत्मा उभा आहे? तरुण आहे. ‘राजकुमार, राजकुमार’ म्हणतोय!”

मंजुश्रीने आईकडे पाहिलं. सिंधूताई उभ्या होत्या. ओठ किंचित हसरे होते. महाराज आता हसतील, म्हणून त्या थांबल्या होत्या.

महाराज हसले नाहीत. त्यांनी डोळे पुसले.

“नऊ वर्षांची साथ होती दोघांची! तुझ्या पोरीने तुझ्याशिवाय कुणाला सांगितलं नाही. हिचं कुंकू होणार होता तो. शुक्रवारी, अचानक, हृदय बंद पडलं!”

बाया चुकचुकल्या. मंजुश्री उठायच्या बेतात होती, बोलायचं सगळं तिने जुळवून ठेवलं होतं. पण आईने हात आडवा धरून तिला थांबवलं.

“महाराज,” सिंधूताई म्हणाल्या, “तो दिसाले कसा व्हता?”

“उंच. गोरा नाही, गहूवर्णी. बारीक मिशी. तुझ्या दारात उभा आहे, माई म्हणतोय तुला.”

“काय म्हणून राह्यला?”

“म्हणतोय, मंजूला सांभाळा. माझ्या नावाने अकरा गुरुवार करा.”

सिंधूताईंचा आवाज अगदी बारीक झाला. “महाराज, तुमी हासा न.”

“काय?”

“तुमी हासाले पाह्यजे व्हतं. मी पोरीले सांगतलं, महाराज हासतीन.” “राजकुमार माणूस नाही जी. मशीन व्हतं ते. लोखंडाचं. भंगारात देलं.”

कुणाला काही कळेना. महाराजांनी मात्र झटकन पोथीवर कापड ओढलं. उकंडरावांनी ते पाहिलं. तीस वर्षं त्यांनी गर्दीच्या एसटीत बिनतिकिटाचे हात ओळखले होते. ते दोन पावलांत चौरंगापाशी पोचले आणि त्यांनी पोथी उचलली. आत संस्कृत नव्हतं की मराठी ओव्या नव्हत्या. कॉम्प्युटरवर छापलेले कागद होते. गाडीत ओरडायच्या त्या जुन्या आवाजात त्यांनी वाचलं, “‘तीनशे सतरा. सिंधूताई. पोरीचा राजकुमार मेला, शुक्रवार, नऊ वर्षं. पोरगी रडते. अचानक बंद पडला.’ वर दोनशे चारचं हाये. वाचू का?”

“नका वाचू!” मंजुश्री ओरडली. आणि मग पाचशे माणसांना सांगितलं, “आपापल्या पिशव्या घ्या. फोन उघडा. व्हॉट्सॲपात वर तीन ठिपके हायेत, ते दाबा. ‘लिंक केलेली डिव्हाइस’ दिसन. तिथे एखादा कॉम्प्युटर लिहिला हाये का, पाहा. तुम्ही कोणी घरी कॉम्प्युटर घेतला व्हता काय?”

टेबलावर झुंबड उडाली. पहिला आवाज एका म्हाताऱ्याचा आला, “माह्यात हाये बे!” मग दुसरा. मग बाया एकमेकींना विचारू लागल्या, पोरं आज्यांचे फोन बघू लागली. ज्यांनी ज्यांनी फोन खोलून दिला होता त्या बहुतेक प्रत्येकाच्या फोनला एक कॉम्प्युटर जोडलेला आणि जोडल्याची तारीख मठातल्या पहिल्या गुरुवारची. टेबलाखाली, सतरंजीखाली तो कॉम्प्युटर सापडला. प्रत्येक नंबराची वेगळी खिडकी उघडी होती. सकाळी नऊला फोन पिशवीत जायचे, बारापर्यंत वाचून व्हायचं, कागद छापून लाल कापडात जायचे. महाराजांचं ध्यान म्हणजे या कागदांचं पाठांतर! घरी गेलेल्या भक्तांचं पुढच्या गुरुवारपर्यंत सगळं इथे बसून वाचता यायचं. ब्रह्मांडाचं कनेक्शन ते हे.

शिवम पळाला नाही. पडलेल्या चेहऱ्याने खुर्चीवर बसून राहिला.

“का केलंस हे?” मंजुश्रीने विचारलं.

“दोन वर्षांआधी तुले मेसेज केला व्हता ताई. तुह्याच शाळेत व्हतो, दोन वर्ग मांगे. कॉम्प्युटरचा कोर्स केला, कुठी लावून दे म्हटलं. तू वाचला. उत्तर नाही देलं.” तो खाली बघून म्हणाला. “इथं लागलं काम.”

आता तिला तो चेहरा आठवला. मेसेजही आठवला. त्याने केलं ते पापच होतं, तिच्या उत्तर न देण्याने ते धुऊन निघत नाही. तरीही तिला त्याच्यावर ओरडता आलं नाही.

आता लोकांनी महाराजांची गचांडी धरली असेल, असं तुम्हाला वाटेल. मंजुश्रीलाही वाटलं होतं. महाराज उभे राहिले आणि म्हणाले, “ही लीला होती. श्रद्धा किती पक्की, ते बघायचं होतं,” आणि आत निघून गेले. निम्मा मांडव त्यांच्या पाया पडायला मागे धावला. एकजण मंजुश्रीला म्हणाला, “शिकली म्हणून देवाची परीक्षा घेतं काय वं?” रुक्मिणीबाईंनी सिंधूताईंकडे पाठ फिरवली, ती फिरवलीच.

पोलीस चौकीत हवालदाराने कागद पुढे केला. “ज्याचं ज्याचं वाचलं त्यानं सही करा.” पाचशेपैकी अकरा सह्या झाल्या. बाकीच्यांनी सही केली असती, तर आपल्या फोनात काय होतं ते लिहून द्यावं लागलं असतं. महाराजांना हे पहिल्यापासून माहीत होतं. लोकांची लाज हेच त्यांचं खरं कुलूप होतं आणि ते काही सहज तुटणारं नव्हतं. शिवमला अटक झाली. महाराज जामिनावर सुटले आणि महिनाभरात मठाचं फाटक बंद झालं.

सिंधूताईंनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, त्या अकोल्याला गेल्या. नव्याने तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी जानेवारीचा कागद एका हातात आणि आताचा दुसऱ्या हातात धरला. गाठ काखेत गेली होती, हाडातही उतरली होती. “तेव्हा आल्या असतात तर,” एवढं बोलून त्यांनी कागद खाली ठेवले. आता बरं करणं हाती नव्हतं, लांबवणं होतं.

परतीच्या एसटीत सिंधूताई खिडकीशी बसल्या. मग म्हणाल्या, “मंजू, तू एकदा सांगत व्हती, तुमच्या कंपनीत काई बिघडलं का मांगच्या दिवसावर नेता येते म्हणून. सगळं जसंच्या तसं.”

“हो. रोज एक प्रत काढून ठेवतो आम्ही.”

“माहा पंधरा जानेवारी काढ न वं.”

मंजुश्रीने आईचा हात घट्ट धरला.

औषधं सुरू झाली. केस गेले. ऑगस्टमधल्या एका सकाळी दवाखान्याच्या बाकावर सिंधूताईंच्या शेजारी धामणगाव बढ्याकडची पुष्पांजली नावाची एक बाई बसली होती. पस्तिशीची, मांडीवर तपासणीचं पाकीट. नुसता कागद घ्यायला आले, ऑपरेशन करायचं नाही, असं सांगत होती.

“आमच्याकडे एक महाराज आले हायेत, फोन बी पिशवीत सांभाळून ठेवतात. त्याइनं मले न सांगता गाठ वळखली. सगळं माहीत हाये त्याइले. ते म्हणतात, कापू नको.”

सिंधूताईंनी लेकीकडे पाहिलं. मग शांतपणे हात पुढे केला. “फोन दाखव बरं बाई तुहा. नाही, माह्याजोळ देऊ नको. तुह्याच हातात धर अन मी सांगतो ते दाब.”

पुष्पांजलीने तीन ठिपके दाबले. एक कॉम्प्युटर जोडलेला होता. तारीख गेल्या गुरुवारची.

“मी बी फोन पिशवीत ठेवला व्हता,” सिंधूताई म्हणाल्या आणि डोक्याचा रुमाल सोडला. बाई दचकून मागे सरली. “पाह्य, नीट पाह्य. तो तुहे मेसेज वाचते, ते सोड. समज, नसन वाचत. समज, त्याले खरंच मनातलं समजते. तरी काय? गाठ हाये हे त्याले माहीत हाये म्हणून त्याले ते काढता येते, असं काऊन समजलो आपण? दवाखान्यातल्या ज्या पोट्ट्यानं भिंगातून पाहून कागद लेह्यला त्याले बी माहीत व्हतं न! त्याच्या पाया पडलो काय आपण? त्यानं तं खरं सांगतलं व्हतं. त्याच कागदावरून डॉक्टरनं कापा म्हणून सांगतलं. अन आपण आयकलं कोणाचं? ज्यानं चोरून वाचलं त्याचं.”

पुष्पांजली रडू लागली. सिंधूताईंनी तिला रडू दिलं. मग तिच्या हातातलं पाकीट घेतलं, तारीख वाचली आणि बोटांवर दिवस मोजले.

“नऊच दिवस झाले,” त्या म्हणाल्या. “तुह्याजोळ टाइम हाये माय. माह्याजोळ नव्हता ठेवला मी.”

त्यांनी रुमाल पुन्हा बांधला, पुष्पांजलीला दंडाला धरून उठवलं आणि ऑपरेशनची तारीख देणाऱ्या खिडकीपुढच्या रांगेत नेऊन उभं केलं. तिचा नंबर येईपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या. पाय दुखत होते, पण मंजुश्रीने आणलेल्या खुर्चीवर बसल्या नाहीत.